मदत हवी आहे: पिल्लू घ्यायचंय, बेळगावजवळ खात्रीचा ब्रीडर कोण?

शहापूरकर: रविवारी पिल्लू आणायचं ठरलंय. एकजण फोनवर अर्धे पैसे आधी पाठवा म्हणतोय, दुसरं गिऱ्हाईक येणार म्हणून नुसती घाई करायलाय. पाठवू का? की दुसरं कोण खात्रीचं आहे? लवकर सांगा.

कॅम्पातला: जात कुठली?

पावण्या_खानापूरचा: लॅब्राडोर घ्या डोळे झाकून. आमचा लॅब पोरं शेपटी ओढतात तरी गुरगुरत नाही.

शहापूरकर: मुधोळ हाउंडच की. आपल्या भागात आणि काय घेणार?

निपाणीकर_काका: पैसे पाठवू नका. पिल्लू किती दिवसांचं? आई दाखवतो म्हणाला काय?

शहापूरकर: महिन्याचं. आई गावाकडं आहे म्हणे. काका, मी ब्रीडरचं नाव विचारायलोय.

निपाणीकर_काका: तेच सांगतोय. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, तो नंबर मागा. इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू आई-भावंडांत राहून चावण्याचा अंदाज शिकत नाही, पुढं तुमच्या हातापायांवर शिकतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत पडते, म्हणजे याला ती पण नसणार. पार्व्हो, म्हणजे तो उलट्या-जुलाबाचा विषाणूचा रोग, झाला तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. आई जिथं आहे तिथं जाऊनच बघा. मुधोळच्या फासळ्या दिसतातच, त्याला भिऊ नका. अंगावर गोचीड, जखमा आहेत का, माणूस दिसल्यावर कोपऱ्यात दडते का, ते बघा. शेवटची कधी व्याली तेही विचारा. काही जण दर माजाला लावतात.

गावठीच_भारी: विकत कशाला? अनगोळात गल्लोगल्ली पिल्लं फिरताहेत, एक उचला.

कॅम्पातला: केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद असला तरच घ्या. त्यावर 'कॅरॅव्हान हाउंड' लिहितात, 'मुधोळ' शोधत बसू नका.

निपाणीकर_काका: कागदानं वंशावळ कळेल, गोचीडताप थोडाच कळणार?

कॅम्पातला: मग काय, तोंडी सांगितलेल्या बापावर विश्वास ठेवायचा?

निपाणीकर_काका: दोन्ही बघा म्हणतोय ओ.

तिकीटवाला: २००५ साली पोस्टानं मुधोळचं तिकीट काढलं होतं, पाच रुपयांचं. माझ्याकडं आहे, कोणाला पाहिजे तर बोला.

पावण्या_खानापूरचा: ससा धरतो काय हो हा?

गावठीच_भारी: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार गुन्हा आहे. इथं नको विचारू.

यरगट्टी_फाटा: मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी श्वान संशोधन केंद्र आहे, बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं. दलालापेक्षा तिथं विचारा. आम्ही तिथूनच आणलं. लगेच मिळेल असं धरू नका, पिल्लं असतील तशी देतात. आधी फोन लावा आणि कन्नड नीट येणाऱ्याला बोलायला बसवा, काम लवकर होतं. इकडून यरगट्टी, लोकापूर करून जायचं.

शहापूरकर: थांबायला वेळ नाही ओ, पोराचा वाढदिवस आहे.

निपाणीकर_काका: वाढदिवसाला कुंदा आणा. कुत्रं बारा-चौदा वर्षं राहतं.

कॅम्पातला: घर कसं आहे ते सांगितलंच नाही तुम्ही. मुधोळला रोज मोकळं पळायला लागतं.

शहापूरकर: तिसरा मजला, भाड्याचा. पण वर गच्ची आहे मोठी.

पावण्या_खानापूरचा: म्हणून लॅब म्हणालो.

निपाणीकर_काका: लॅबला काय पळायला लागत नाही होय?

यरगट्टी_फाटा: गच्चीचा कठडा किती उंच आहे? छातीएवढा असला तरी चढतो हा. आणि मालकाला विचारलंय का?

शहापूरकर: मालकाला अजून बोललो नाही. पण ते केंद्र रविवारी उघडं असतं काय, तेवढं सांगा.