कोरोनाचा हिशोब कोणाला मागायचा? आपल्या गावाकडचे अनुभव लिहा

मार्च २०२५ मधली गोष्ट. आमच्या गावात, अचलपूर तालुक्यात, पारावर बसल्या बसल्या एका पोराने मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने कोरोनावरून चीनवर दावा लावला होता आणि तिथल्या कोर्टाने चीनने सुमारे २४ अब्ज डॉलर द्यावेत असा निकाल दिला. आमचे मोठे काका लगेच म्हणाले, "मंग आपल्याले काऊन नाई भेटत? आपले लोकं नाई मेले का?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. मला तर बोलवेचना. माझे बाबा मार्च २०२१ मध्ये गेले. तेरवीला घरचे सहाजण, बाकी कोणी नाही. त्याच आठवड्यात पुण्याच्या आतेभावाचा फोन आला आणि तो म्हणाला, "तुमच्या अमरावतीनेच हे पुन्हा सगळीकडे पसरवलं." फेब्रुवारीत आमच्याकडे रुग्ण एकदम वाढले होते, २२ तारखेपासून अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी लागली होती, हे खरंच. पण वर्षभर "चीननं केलं" म्हणणारे आम्ही, आणि आता बोट आमच्या अंगणात रोखलेलं. मे महिन्यात तर टीव्हीवर दिवसभर "इंडियन व्हेरियंट" चाललं होतं. ३१ मे ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याला डेल्टा नाव दिलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच रडले. निदान देशाच्या नावावरून तरी तो डाग निघाला.

हिशोब मागायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पण कोणाला, आणि कशाचा? तेव्हा तुम्ही कोणाला जबाबदार धरलं आणि आज कोणाला धरता, ते लिहा. फॉरवर्ड नकोत, स्वतःवर बेतलेलं लिहा.

पांढरकवडा तालुका, शेतकरी

आमचं गाव हैदराबाद-नागपूर हायवेपासून दोन किलोमीटरवर. २४ मार्च २०२० ला टाळेबंदी जाहीर झाली आणि दोन-चार दिवसांत आम्ही वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. पारावर बोलणं एकच, चायनाचा रोग. मग हायवेने माणसं चालत येऊ लागली. हैदराबादकडून निघालेली, कोणी मध्य प्रदेशात चाललेलं, कोणी पार उत्तर प्रदेशात. चीन राहिला बाजूला, आम्ही या लोकांनाच रोग समजू लागलो. एक बाई लेकरू कडेवर घेऊन काट्यांच्या पलीकडे उभी राहिली, पाणी मागितलं. आम्ही पाण्याचा गुंड धुऱ्यावर (बांधावर) ठेवला आणि मागे सरकलो. ती पाणी प्याली, लेकराला पाजलं, आणि जाताना गुंड पदराने पुसून जिथल्या तिथे ठेवून गेली. तो पदर मला अजून दिसतो.

घरात तेव्हा वीस क्विंटल कापूस पडून होता. सरकारी खरेदी बंद, जिनिंग बंद. त्या कापसाने रात्रभर अंगाला खाज. त्या नुकसानीचा दावा कोणावर लावायचा ते मला आजही समजत नाही.

आशा सेविका, मेहकरकडून

एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजची, म्हणजे तबलिगी जमातीच्या मेळाव्याची, बातमी आली आणि चीनचं नाव गावातून दोन दिवसांत गेलं. आमच्या इथे एक चाचा तीस वर्षांपासून भाजीचा ठेला लावायचे. त्यांच्याकडून कोणी सांभार (कोथिंबीर)सुद्धा घेईना. मी मुद्दाम रोज त्यांच्याकडूनच घ्यायचे, तर एका घरातून मला सांगितलं, "तुम्ही आमच्या दारात येऊ नका." मी त्याच दारात ताप मोजायला जात होते.

ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं निकालातच म्हटलं. चाचांनी तोवर ठेला विकला होता.

दिग्रस तालुका

जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. त्या रागात मी रात्री शेतात जागलीला नेत होतो ती हातातली चायना बॅटरी चौकात दगडाने फोडली. गावातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझा राग खरा होता, आजही त्याची मला लाज वाटत नाही.

मे २०२१. बाबांचा ऑक्सिजन ८४ वर आला, तालुक्याला खाट नाही, जिल्ह्याला नाही. ओळखीच्यांनी वर्गणीतून आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र रात्री अकरा वाजता घरी आलं. पांढरा डबा, खाली चाकं, समोर पाण्याची बाटली आणि तिच्यात बुडबुडे. बाजूच्या पट्टीवर चिनी अक्षरं. लाईट गेली की यंत्र पी पी करायचं, मी धावत शेजारचं जनरेटर चालू करायचो. पहाटे आकडा ९१ झाला. रात्रभर माझ्यासमोर ती अक्षरं होती. त्यातलं एकही मला वाचता येत नव्हतं.

बाबा वाचले. तेव्हापासून "चीन" म्हटलं की मी विचारतो, कोणता? यंत्र जोडणारा मजूर की बातमी दाबणारा साहेब?

कारंजा, वाशीम

सगळे समजूतदारपणे लिहीत आहेत. मला तेवढं जमत नाही. माझी बायको गेली, वय ३८. मी चीनच्या सरकारलाच जबाबदार धरतो आणि का ते सांगतो.

वुहानमधल्या डॉ. ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला आपल्या सोबतच्या डॉक्टरांना सावध केलं. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून अफवा पसरवल्याच्या कागदावर सही घेतली. रोग माणसापासून माणसाला होतो हे तिथल्या तज्ज्ञाने उघडपणे सांगितलं ते २० जानेवारीला. ७ फेब्रुवारीला ली स्वतः याच रोगाने गेले. ३० डिसेंबर ते २० जानेवारी, मधले ते तीन आठवडे मला कोणीतरी समजावून सांगा. आमच्या गावात बैलाला लाळ्या-खुरकूत झाला तर माणूस त्याच संध्याकाळी शेजाऱ्याला सांगतो, तुमचे ढोरं इकडे पाण्यावर आणू नका. मला पैसे नकोत. तुम्हाला कधी कळलं आणि कोणी दाबलं, एवढंच लेखी पाहिजे.

यवतमाळ जिल्हा, तालुका कोर्टात वकिली

वाशीमच्या दादांनी मागितलं तेच मागायला सगळ्यात अवघड आहे. नियम आहे. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे अशी घटना तपासून गंभीर ठरल्यावर देशाने २४ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं असतं. पण नाही कळवलं तर शिक्षा काय, ते त्यात नाही. दंड नाही, जप्ती नाही.

अचलपूरच्या काकांना सांगा, मिसुरीचा निकाल एकतर्फी आहे. चीन त्या कोर्टात हजरच झाला नाही. एका देशाच्या कोर्टाला दुसऱ्या देशाच्या सरकारवर सहसा दावा चालवता येत नाही. त्यामुळे बरेचसे मुद्दे निघून गेले होते, मास्क आणि संरक्षक साहित्य साठवून ठेवल्याचा मुद्दा तेवढा उरला. त्यावर हा हुकूमनामा. आता वसुली! आपल्याकडे शेजाऱ्याने धुरा कोरला तर हुकूमनामा हातात येऊनही ताबा मिळायला किती वर्षं जातात, ते आठवा.

नुसती चौकशी मागितली तरी काय होतं, तेही पाहा. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने स्वतंत्र चौकशी मागितली, मे महिन्यात चीनने त्यांच्या जवावर ८० टक्क्यांच्या वर शुल्क लावलं. कारण वेगळं सांगितलं, पण फटका शेतकऱ्याला बसला. बाजारातून आला की प्रयोगशाळेतून, याचाही निकाल लागलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि चीनच्या मार्च २०२१ च्या संयुक्त अहवालाने प्रयोगशाळेची शक्यता फारच कमी म्हटली. पुढे जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्याच तज्ज्ञ गटाने सांगितलं की चीनने मागितलेली माहिती दिली नाही, म्हणून सगळ्या शक्यता अजून उघड्या आहेत. माझा राग त्या माहितीसाठी आहे. रोग कुठेही उपजू शकतो. लपवणं हे माणसाने केलेलं काम आहे.

निवृत्त शिक्षक, चिखलदरा भागातून

माझी आजी १९१८ च्या साथीला मानमोडी म्हणायची. घरातली चार माणसं एका पंधरवड्यात गेली, सरण रचायला बाप्या उरला नव्हता, असं सांगायची. जगाने त्या साथीला नाव दिलं स्पॅनिश फ्लू. स्पेन महायुद्धात नव्हता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धाची बंधनं नव्हती, म्हणून त्यांनी बातम्या छापल्या आणि नाव त्यांच्यावर बसलं. खरं छापणाऱ्याच्याच अंगावर बालंट आलं. आपल्याकडे मुंबई बंदरातून साथ आत आली आणि सव्वा कोटीच्या आसपास माणसं मेली असा अंदाज आहे. आजीने कधी देशाचं नाव घेतलं नाही. तिला चार नावं पाठ होती, तेवढीच ती घ्यायची.

भंडारा जिल्हा

मी आईचं लिहिते. बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. चाचणी पॉझिटिव्ह होती, त्याचा कागद आहे. पण दवाखान्याने मृत्यूच्या कारणात फक्त न्यूमोनिया लिहिलं. मृताच्या घरच्यांना सरकारकडून ५०,००० रुपये मिळत होते हे आम्हाला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा कागद जुळत नव्हता. चीनला जबाबदार धरायचं का, असं आज मी आईला विचारलं. ती धान पाखडत होती. म्हणाली, "त्या कागदावर तुह्या बापाले काय झालतं ते खरं लिहा म्हना. मंग पुढचं पाहू."

यवतमाळ जिल्हा, तालुका कोर्टात वकिली

ताई, चाचणीची तारीख आणि मृत्यूची तारीख यात ३० दिवसांपेक्षा जास्त अंतर आहे का? नसेल तर कारणात न्यूमोनिया असला तरी तो मृत्यू कोरोनाचाच धरायचा, असं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. अर्जाची मुदत २०२२ मध्ये संपली हे खरं. पण अडचणीमुळे मुदतीत येता आलं नाही त्यांना जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायची वाट सर्वोच्च न्यायालयाने ठेवली होती. आता ती समिती ऐकेल याची खात्री मी देत नाही. पॉझिटिव्हचा कागद, मृत्यूचा दाखला आणि दवाखान्याची फाईल, तिन्हींच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि मला निरोप पाठवा. अर्ज मी लिहून देतो. फी घेणार नाही.