कंपन्यांच्या अनुदानातून शहराचा कारभार सुधारावा का?

निळी_शाई
माझं मत आधीच सांगते: नगरपालिकांनी अशी मदत जरूर घ्यावी. आयबीएम या संगणक कंपनीने 2010 मध्ये ‘स्मार्टर सिटीज चॅलेंज’ सुरू केलं, तेव्हा तीन वर्षांत 100 शहरांचं लक्ष्य होतं. त्यात रोख पैसे नव्हते. कंपनीचे तज्ज्ञ तीन आठवडे शहरात मुक्काम करायचे, अधिकाऱ्यांशी आणि नागरिकांशी बोलायचे आणि शिफारशींचा अहवाल द्यायचे. असे तज्ज्ञ पगारावर ठेवणं बहुतेक पालिकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. शिवाय पाणी खातं एकीकडे, रस्ते खातं दुसरीकडे. कोणी कोणाची माहिती बघत नाही. बाहेरचा माणूस दोघांना समोरासमोर बसवतो. मला यातला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

तळटीप
अहवाल आला, पुढे काय? शिफारशी अमलात आणायला सॉफ्टवेअर, सेन्सर, सर्व्हर विकत घ्यावे लागतात, आणि हे सगळं विकणं हाच या कंपन्यांचा धंदा. अहवालातली भाषा निविदेच्या अटींत उतरली की स्पर्धा कागदावरच उरते. एकदा एका कंपनीच्या यंत्रणेत शिरलं की बाहेर पडणं किती जड जातं, ते जर्मनीतल्या म्युनिकला विचारा. 2003 मध्ये त्या शहराने पालिकेच्या संगणकांवरची मायक्रोसॉफ्टची विंडोज सोडून लिनक्स या खुल्या प्रणालीकडे जायचं ठरवलं. संगणक बदलण्यात वर्षानुवर्षं गेली आणि 2017 मध्ये नगर परिषदेने परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. म्युनिक तर सधन शहर आहे. लहान गावाची नगरपालिका काय करणार?

चौथा_मजला
मी एका पालिकेच्या तक्रार विभागात काम केलंय. देणगीतून यंत्रणा आली, भिंतीवर मोठा पडदा लागला, उद्घाटन झालं. फुकट परवान्याची मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात कोणी धरलेलाच नव्हता. पडदा बंद, कारकून परत नोंदवहीवर. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे मधल्या काळातल्या तक्रारी त्या यंत्रणेत अडकल्या; बाहेर काढायची सोयच नव्हती. लोक पाठपुराव्याला यायचे आणि आमच्याकडे दाखवायला काही नसायचं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

निळी_शाई
@चौथा_मजला, हे वाचून वाईट वाटलं. पण यात दोष करारातल्या अटींचा आहे. उलट उदाहरण देते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची सार्वजनिक वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गुगल यांनी मिळून बस-ट्रेनच्या वेळापत्रकांसाठी साध्या मजकूर-फायलींचं एक स्वरूप तयार केलं. ते सगळ्यांना खुलं ठेवलं. आज जीटीएफएस या नावाने ते जगभर चालतं आणि कोणीही त्यावर स्वतःचं ॲप बांधू शकतं. कंपनीचा फायदा झालाच, पण किल्ली एकट्या कंपनीच्या खिशात गेली नाही.

वाटसरू
टोरांटोला विसरलात? गुगलची मालक असलेल्या अल्फाबेटच्या साइडवॉक लॅब्ज या कंपनीने 2017 मध्ये किनाऱ्यालगतच्या वस्तीचा बेत मांडला. रस्त्यावर सेन्सर, मग त्यातली माहिती कोणाची, यावरून केवढा वाद झाला! 2020 मध्ये कंपनी निघून गेली.

निळी_शाई
ती जमीन-विकासाची भागीदारी होती, अनुदान नव्हे. दोन्हींची गल्लत नको.

तळटीप
माहितीच्या मालकीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच आहे. आणि कोणाची माहिती गोळा होते हेही बघा. बॉस्टनचं ‘स्ट्रीट बंप’ ॲप गाडीला बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे टिपायचं. पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि गाडी, त्यांच्याच रस्त्यांची नोंद होणार. गरीब आणि म्हाताऱ्या माणसांच्या वस्त्या मागे पडण्याचा धोका तिथे उघड दिसला.

निळी_शाई
मान्य. म्हणून सही करण्याआधी करार सभागृहापुढे यावा: माहिती शहराच्या मालकीची, ती खुल्या स्वरूपात केव्हाही काढून घेता यावी, आणि पुढच्या देखभालीची तरतूद त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात.

तळटीप
अटी चांगल्या आहेत. पण त्या लिहिणारा आणि तपासणारा तंत्रज्ञ पालिकेच्या स्वतःच्या आस्थापनेवर आहे का? नसेल तर अनुदानाच्या आधी ते पद भरा. तोपर्यंत माझा विरोध कायम.