मदत हवी आहे : फायबर तुटल्यावर बीजीपी सावरायला 25 सेकंद

मंडळी, सोलापुरात छोटं आयएसपी (इंटरनेट पुरवठादार) नेटवर्क सांभाळतो. तीन राउटर त्रिकोणात जोडलेत: एकावर पुण्याकडचा अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट देणारा मोठा पुरवठादार), दुसऱ्यावर हैदराबादकडचा, तिसऱ्यावर सगळे ग्राहक. आत ओएसपीएफ (आपल्याच राउटरांमधले रस्ते शोधणारा प्रोटोकॉल), लूपबॅकवर (राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता) आयबीजीपी (इंटरनेटचे मार्ग कळवणाऱ्या बीजीपी प्रोटोकॉलचा आपल्याच राउटरांमधला प्रकार), दोन्हीकडून पूर्ण राउटिंग टेबल (इंटरनेटवरच्या सगळ्या मार्गांची यादी).

होटगी रोडला जेसीबी दिसला की आमची धडधड सुरू. ग्राहक राउटर ते पुणे राउटर ही फायबर तुटली, तर बीएफडीमुळे (दुवा तुटल्याचं झटकन ओळखणारी तपासणी; 300 मिलिसेकंद, तीनदा) लूपबॅकचं पिंग सेकंदाभरात परत येतं. इंटरनेट मात्र नाही. 1.1.1.1 लवकर येतं, 8.8.8.8 मागून, 200च्या पुढचे पत्ते शेवटी, जवळपास 25 सेकंदांनी. राउटर एकेक मार्ग ओळीनं नव्यानं लिहीत बसतो असं दिसतं.

नेक्स्ट-हॉप-सेल्फ (बाहेरच्या मार्गांसाठी पुढचा टप्पा म्हणून आपल्याच राउटरचा पत्ता सांगणं) आधीपासून आहे. नेक्स्ट-हॉप ट्रॅकिंगचा (पुढच्या टप्प्याकडचा रस्ता बदलला का यावर बीजीपीची नजर) डिले 5 वरून 1 सेकंदावर आणला, फरक जेमतेम चार सेकंदांचा. शून्य करायला धजत नाही. ओएसपीएफचं गणित पुरं व्हायच्या आत बीजीपीनं निर्णय घेतला तर तोच खेळ दोनदा. बीजीपीचे टायमर कमी करा असं कृपया सुचवू नका, राउटरांमधलं बीजीपी सेशन तुटतच नाही.

नवीन राउटरला यंदा पैसे नाहीत. सॉफ्टवेअर अपग्रेड करून पीआयसी (मार्ग एकेक न लिहिता सगळे एकदम वळवण्याची सोय) मिळेल, पण रात्रीची एकच संधी आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: अशा तुटीत नुसत्या पीआयसीनं भागतं, की ॲड-पाथही (एकाच पत्त्यासाठी एकाहून जास्त मार्ग कळवणं) लागतं? की ग्राहक राउटरवर पूर्ण टेबलऐवजी डीफॉल्ट (बाकी सगळ्यासाठी एकच मार्ग) आणि मोजकेच मार्ग ठेवणं बरं?