शब्दचर्चा: खेळातल्या ‘रेस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

माझा भाचा आणि त्याचे मित्र दर शनिवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन रंगवायचा गोष्टीचा खेळ. त्यांच्यासाठी पात्राची नोंदपत्रिका मराठीत करतेय. ‘क्लास’ला ‘पेशा’ सहज बसला, ‘रेस’पाशी अडले. आपलं पात्र माणूस आहे, की एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, ऑर्क अशा माणसासारख्या काल्पनिक जीवांपैकी कोणी, हे त्या रकान्यात लिहायचं असतं. मी ‘वंश’ लिहिलं होतं. एका मुलाने ते खोडून ‘जात’ केलं. वाचून कसंसंच झालं. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

कसंसं होणं साहजिक आहे. पण त्या मुलाचा शब्द या खेळाच्या एका जुन्या रूपाला नेमका लागू पडतो. १९८१च्या बेसिक संचात माणसाला लढवय्या, मांत्रिक, चोर असा पेशा निवडता येई. एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग यांना निवडच नव्हती, एल्फ असणं हाच त्याचा पेशा. जन्मावरून काम ठरणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९७८च्या ‘ॲडव्हान्स्ड’ नियमांत जन्म आणि पेशा वेगळे होते, तरी ड्वार्फाला मांत्रिक होता येत नसे. ही बंधनं २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत गेली. २०२४च्या नियमपुस्तकाने तर ‘रेस’ काढून ‘स्पीशीज’ शब्द घेतला. तेव्हा ‘जात’ नकोच. ‘प्रजाती’नेही सुटका होत नाही, कारण आपल्या जीवशास्त्राच्या परिभाषेत ‘स्पीशीज’ म्हणजे जाती, आणि प्रजाती ही तिच्या वरची पायरी.

‘वंश’ मलाही खटकतो. रघुवंश, यदुवंश म्हणताना आपण एका पूर्वजापासून निघालेली ओळ सांगतो, प्राण्याचा प्रकार नव्हे. ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात तो शोभला असता. तिथे ‘इल्फे’ म्हणजे एल्फ आणि ‘ऑर्कनेआस’ एकाच ओळीत येतात आणि दोघंही बायबलमधल्या, भावाचा खून करणाऱ्या केनच्या वंशातले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टोल्किन याने त्यांची पार फारकत केली: एल्फ अमर आणि ज्ञानी, ऑर्क शत्रूच्या फौजेत. खेळाने हीच मांडणी उचलली, अगदी शब्दांसकट. १९७४च्या पहिल्या पुस्तिकांत ‘हॉबिट’ असंच छापलं होतं, हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर त्याचं ‘हाफलिंग’ झालं. तोही टोल्किनच्याच पुस्तकातला शब्द. आणि आता २०२४च्या मुख्य पुस्तकात ऑर्क हे खेळाडूने घ्यायचं पात्र आहे, शत्रू असलाच पाहिजे असं नाही.

माझी सूचना ‘योनी’. अमरकोशात विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर या सगळ्यांना ‘देवयोनी’ म्हटलंय. चौऱ्याऐंशी लक्ष योनी तर घरोघरी माहीत आहेत. अर्थाने याहून जवळचा शब्द मला दिसत नाही.

प्रतिसाद

अर्थ पटला, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या कागदावर हा शब्द नको. आज त्याचा शरीराशी निगडित अर्थच आधी मनात येतो. माझ्या डोक्यात आधी ‘गण’ आला होता. पत्रिका जुळवताना देवगण, मनुष्यगण, राक्षसगण म्हणतोच की आपण. मग लक्षात आलं, गण हा माणसाच्याच स्वभावाचा. अमुक म्हणून जन्मला तर स्वभावही अमुकच, हे तर नवे नियम मोडून काढतायत.

साधा ‘जन्म’ का नको? ‘मनुष्यजन्म’ आपण रोज म्हणतो. त्याच चालीवर एल्फजन्म, ऑर्कजन्म. मिश्र पात्रांचीही सोय होते. २०२४च्या पुस्तकातून हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क हे वेगळे पर्याय गेले, पण मुलांना तसं पात्र हवं असेल तर ‘आई मनुष्य, वडील ऑर्क’ एवढं लिहिलं की झालं. घटोत्कचाला आपण अर्धा राक्षस कुठे म्हणतो? तो हिडिंबेचा आणि भीमाचा मुलगा.

प्रश्नकर्ती

घटोत्कचाने प्रश्न सोडवला! नुसतं ‘जन्म’ वाचून मुलं तारीख लिहितील, म्हणून रकान्यावर ‘जन्म कोणाचा’ असं घालतेय. ज्याने ‘जात’ लिहिलं होतं, त्याला हाफ-ऑर्कच व्हायचंय. त्याच्यासाठी दोन ओळींची जागा ठेवलीय, आईची एक आणि वडिलांची एक.