उत्तर: विहिरीवरचा लेव्हल सेन्सर घरापर्यंत आणायचा आहे

दादा, विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर घरापासनं 200 मीटरवर, त्याला कॅट-5 केबलनं (इंटरनेट-नेटवर्कला वापरतात ती बारीक तारांची) घरातनं 5 व्होल्ट द्यायचे म्हणताय, पण पलीकडं 5 व्होल्टच मिळतील अशी आशा सोडा आधी. कॅट-5 ची एक तार म्हणजे मीटरला साधारण 0.084 ओहम रोध, जाऊन-येऊन 400 मीटर, म्हणजे झाले की 34 ओहम, सेन्सरनं 50 मिलीअँपिअर जरी ओढले तरी 1.7 व्होल्ट वाटेतच गेले, राहिले 3.3. आणि हा हिशोब शुद्ध तांब्याचा, बाजारात स्वस्तात मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल असेल तर अजून वाईट. वरच्या उत्तरात कुणीतरी जाड वायर घाला म्हटलंय, चालेल, पण पैसे मोजा मग. त्यापेक्षा घरातनं 12 किंवा 24 सोडा आणि विहिरीपाशी बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारं छोटं सर्किट) लावून 5 करा.

मोटर चालू झाली की रीडिंग उड्या मारतंय म्हणताय ते वेगळं दुखणं. मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातनं सिग्नल नेलाय का? वेगळी करा, हातभर तरी अंतर ठेवा. मी तर सरळ 4-20 मिलीअँपचा सेन्सर (रीडिंग व्होल्टेजनं नाही, 4 ते 20 मिलीअँपिअर करंटनं पाठवणारा) घ्या म्हणेन, लूपमध्ये करंट सगळीकडं सारखाच, तारेत व्होल्टेज पडलं तरी रीडिंग हलत नाही. आरएस-485 (लांब तारेवरनं डिजिटल सिग्नल पाठवायची पद्धत) पण चालतं, तारेच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर तेवढे घाला.

आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेमुळं तारेत अचानक वाढणाऱ्या व्होल्टेजपासनं वाचवणारा) विसरू नका ओ, आपल्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात वळवाच्या विजा कशा पडतात ठाऊक आहे की, दोन्ही टोकांना लावा आणि अर्थिंग नीट करा.