तळ्याकाठचा मुक्काम आणि आसपासची भटकंती: अनुभव धागा

मित्रमंडळींबरोबर तळ्याकाठी तंबूत राहायचं आणि दिवसा गाड्या काढून आसपास हिंडायचं, असा बेत आखणाऱ्यांसाठी हा धागा. प्रवासवर्णनं नकोत. काय बिघडतं आणि का, तेवढं लिहा.

*

पाण्याला खेटून तंबू लावू नका, फोटो कितीही छान येवो. काठापासून निदान ६० मीटर लांब, थोडी उंचावरची जागा बघा. रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात उतरते आणि दमटपणा तिथेच साठतो. सकाळी तंबू आतून ओला मिळतो तो पुष्कळदा पावसाने नव्हे, आपल्याच श्वासातल्या वाफेने. थंडी वाजली तरी वरचे झरोके उघडेच ठेवायचे. बाहेरचं कापड ताणलेलं हवं. ते आतल्या कापडाला टेकलं की पाणी आत उतरतं.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर लहान हवी. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी गोळा करून थेट अंथरुणाखाली आणते. (तरी प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी मोठी ताडपत्री ऐटीत पसरतोच.) खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं असू द्या. काठच्या वाळूत खुंटी धरत नाही; पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि पिशवी पुरून टाका. ठोकण्याआधी वरही बघा, वाळकी फांदी डोक्यावर नको.

*

वाऱ्याचं राहिलं. उन्हाने जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून मोठ्या तळ्यावर दुपारी वारा पाण्याकडून काठाकडे येतो आणि रात्री उलट वाहतो. पहाटे हवेच्या गादीवर तरंगत बसलं की हाच वारा नकळत आत ओढून नेतो. लाइफ जॅकेट अंगात हवं, डिकीत नाही.

वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पाण्यातून बाहेर या आणि काचा लावून गाडीत बसा. तंबूचा उपयोग शून्य. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी थांबा.

*

झोपताना थंडी खालून लागते. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही आणि साध्या हवेच्या गादीतली हवा रात्रभर गार पडत जाते. फोमची चटई आधी, बाकी सगळं नंतर.

*

स्वयंपाकाचं: पिण्याला आणि रांधायला माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरा. तळ्याचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळायचं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पण पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवट तवंग असेल तर ते उकळूनही नको. शैवालाचं विष उकळून जात नाही.

कूलर दोन न्या, एक फक्त पेयांचा. तो दिवसभर उघडत राहतो, त्यात दूध-मांस ठेवलं की गेलंच. बर्फाची लादी तुकड्यांपेक्षा जास्त टिकते. ब्युटेनची शेगडी शून्याच्या आसपास मरगळते, थंडीत प्रोपेन मिसळलेली डबी घ्या. कितीही पाऊस असो, शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊ नका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भांडी काठापासून लांब घासा, साबण ‘निसर्गस्नेही’ असला तरी.

*

गाड्यांबद्दल. सामान भरलं की टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधल्या ‘पूर्ण भार’ आकड्याइतकी करा, टायर थंड असताना. टपावरच्या वजनमर्यादेत कॅरियरचंही वजन धरतात, हे बहुतेक जण विसरतात. उतारावर गिअर खालचा ठेवा. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि धरेनासा होतो.

दोन-तीन गाड्या असतील तर पुढच्याने प्रत्येक वळणावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं. एवढा एक नियम पाळला तर फोनला रेंज नसली तरी चुकामूक होत नाही. नकाशे आधीच डाउनलोड करा, टाकी अर्धी झाली की भरा. वाळल्या गवतावर गाडी लावू नका, तापलेल्या एक्झॉस्टने गवत पेट घेतं. गाडी बंद करून विजेवरचा कूलर चालू ठेवलात तर सकाळी बॅटरी बसलेली असेल. जंपर केबल एका तरी गाडीत हवीच.

*

निघताना तंबू ओला गुंडाळावा लागला तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी पसरून वाळवा. पिशवीतच राहिला की बुरशी धरते, आणि तो वास धुऊनही जात नाही.