शाळेत समुपदेशक हवाच का? करोनातल्या अनुभवावरून विचारते आहे

धायरीची आई

लेकाच्या शाळेत परवा पालकसभेत समुपदेशक नेमायचा विषय निघाला. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. सभेत निम्म्या पालकांचं म्हणणं पडलं की फी वाढेल, आणि करोना संपल्यावर आता हे कशाला? मला तिथे धड बोलता आलं नाही.

२०२० मध्ये मुलगा पाचवीत होता. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं आणि एक स्मार्टफोन. सप्टेंबरात सासूबाई गेल्या. त्यांना घरी आणताच आलं नाही, त्यामुळे मुलांना शेवटचं दर्शनही नाही. आठवड्याभरानं मुलगा पुन्हा तासाला बसायला लागला. शाळेचा शर्ट घालायचा, हजेरीला ‘प्रेझेंट टीचर’ म्हणायचा, माइक बंद करायचा आणि कॉलर चावत बसायचा. दिवाळीपर्यंत कॉलरचे दोरे निघाले. मी उलटवून शिवून दिली, दोनदा. त्याच्याशी बोलायला हवं होतं हे आज कळतं, तेव्हा माझंच रडू आवरत नव्हतं.

शाळेनं ग्रुपवर एका हेल्पलाइनचा नंबर टाकला होता. चांगल्या मनानंच टाकला असणार. पण दहा वर्षांच्या पोरानं सगळ्यांच्या देखत, बापाच्या फोनवरून, कधी न पाहिलेल्या माणसाला काय सांगायचं? त्याला ओळखणारं, आधीपासून शाळेत वावरणारं माणूस असतं तर त्या माणसानं आम्हाला फोन केला असता. म्हणून मला समुपदेशक हवा आहे, आणि तो पुढची साथ यायच्या आत हवा आहे.

पर्वती पायथा

ताई, वाचून गलबलून आलं. तरीही माझा विरोध आहे, आणि तो का ते सांगतो.

मी मनपा शाळेतून निवृत्त झालो. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सर्वेक्षणाला आम्हा शिक्षकांच्याही ड्युट्या लागल्या होत्या. हातात थर्मल गन, ऑक्सिमीटर आणि फॉर्म. ताप किती, ऑक्सिजन किती, घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब आहे का. दार उघडलं की कित्येकदा समोर माझाच विद्यार्थी. पोरगं कसं आहे, हे विचारायला फॉर्मात रकाना नव्हता. एका घरी सातवीतली मुलगी दाराआडून बघत होती. वडिलांची रिक्षा बंद, हप्ते थकलेले. तासाला का दिसत नाहीस म्हटलं तर म्हणाली, “सर, फोन विकला.” आम्ही चार शिक्षकांनी मिळून दोन महिन्यांचा किराणा भरला, एक जुना फोन मिळवून दिला. ती परत हसायला लागली. त्या घराला समुपदेशनाआधी धान्य हवं होतं, आणि ते कळलं ते वर्गशिक्षक दारात उभा होता म्हणून.

आता समुपदेशक कसा असतो तेही पाहिलंय. आठवड्यातून एकदा येणार, ऑफिसशेजारच्या खोलीत बसणार. शिपाई वर्गात येऊन नाव पुकारणार. साठ पोरं वळून बघणार. तेच पैसे वर्ग लहान करायला आणि शिक्षकाची बाहेरची कामं काढायला वापरा. शिक्षकाला महिन्यातून दोन घरं तरी बघू द्या.

विश्रांतवाडी

मी दोन शाळांमध्ये समुपदेशक आहे, त्यामुळे माझा कल उघड आहे.

सर, त्या मुलीला आधी धान्यच हवं होतं. पण सगळी मुलं धान्यानं बोलती होत नाहीत. रोज पोट दुखतं, सोनोग्राफी स्वच्छ, आणि कारण घरातली मारहाण, अशी मुलं मी पाहते. वर्गशिक्षिका मायेपोटी शाळेच्या फाटकाशी वडिलांना सांगून बसते, “अहो, तो असं असं म्हणत होता.” त्या रात्री काय होत असेल? ते मूल पुन्हा कुणापाशीच तोंड उघडत नाही. काय गुप्त ठेवायचं आणि कधी ठेवायचं नाही, हे शिकावं लागतं. शिवाय जे मार्क देतात त्यांना मुलं सगळं सांगत नाहीत.

युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात २१ देशांतल्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. मनाच्या त्रासात दुसऱ्याची मदत घेणं चांगलं, असं सरासरी ८३ टक्के जण म्हणाले. भारतात ४१ टक्के. ही मुलं आपणहून मदत मागायला येणार नाहीत.

ताई, तुमच्याशीही थोडं भांडते. तो नंबर फक्त मुलासाठी नव्हता, तुमच्यासाठीही होता. केंद्रानं जुलै २०२० मध्ये मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला तोच विद्यार्थी, शिक्षक आणि कुटुंबीय अशा तिघांसाठी. शाळांनी मात्र तो ‘विद्यार्थ्यांसाठी’ म्हणून पुढे पाठवला. आता १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्रीही लागतो. मूल झोपल्यावर आईनं फोन करायचा असतो.

कर्वेनगरचा बाबा

मला हे सगळं जास्त होतंय असं वाटतं. पुण्यात पहिली ते सातवीच्या शाळा मार्च २०२० ला बंद झाल्या त्या डिसेंबर २०२१ ला उघडल्या, जानेवारीत परत बंद. एवढ्या काळात चिडचिड होणारच. माझी दोन्ही मुलं आजी-आजोबांमुळे सावरली. पत्ते खेळली, भाकरी थापायला शिकली. शाळेनं घरात किती डोकवायचं? शाळेच्या कागदावर एकदा ‘समुपदेशन चालू’ असं लिहिलं गेलं की ते पुसणार कोण?

धायरीची आई

दादा, तुमच्याकडे आजी होती. आमच्याकडे तीच गेली होती. नोंदीची भीती मात्र मलाही आहे. नोंदी कुणाकडे राहणार, मुख्याध्यापकांना तरी दिसणार का, हे नेमणुकीआधी लिहून घ्यायला हवं.

विश्रांतवाडीताई, तो नंबर माझ्यासाठीही होता हे तुमचं वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले. मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

पर्वती पायथा

फाटकाशी पालकाला सांगून बसायची चूक मी केली आहे. एकदा नाही, अनेकदा. त्यातल्या एका मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

पण पैशाचं मी सोडणार नाही. करोनात आई-वडील दोन्ही गेलेल्या मुलांच्या नावे राज्यानं पाच लाखांची ठेव ठेवली, त्याच्या बातम्या आल्या. वडील एकटेच गेलेल्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे, महिना ११०० रुपये, पुढे वाढून २,२५० झाले. वस्तीतल्या बायांना ती माहीतच नव्हती. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, हे गोळा करता करता त्यांचे खाडे व्हायचे. मी बसून अर्ज भरून दिले. मनाचा आधार म्हणजे हेही. तुमचा समुपदेशक हे करणार असेल, तर न्यायालयानं ‘समाजकार्यकर्ता’ हा शब्दही घातलाय, तो नेमा. किमान मनपाच्या शाळांत तरी तोच हवा.

विश्रांतवाडी

सर, यावर माझं भांडण नाही. समाजकार्य शिकलेला माणूस घरीही जातो आणि मुलाशीही बोलतो. फक्त एका माणसावर हजार मुलं टाकू नका, नाहीतर तो कागदच भरत बसेल.

धायरीची आई

मुलगा यंदा दहावीला आहे. परीक्षेच्या दिवसांत परत कॉलर तोंडात जाते, मी बघते. शनिवारी पुन्हा सभा आहे. माणूस ठरावीक वारी नव्हे, रोज शाळेत हवा, पहिली बैठक पालकांची हवी, आणि नोंदींचा नियम लेखी हवा, एवढं मी मांडणार. सर, तुमचा विरोध अजून असेल तर सांगा, म्हणजे उत्तर तयार ठेवते.

पर्वती पायथा

विरोध आहेच, शिक्षकाला मोकळं केल्याशिवाय हे चालणार नाही. पण मांडा तुम्ही. आणि एक गोष्ट नक्की मान्य करून घ्या, खोली ऑफिसशेजारी नको. ग्रंथालयाला लागून असली तर मूल पुस्तक बदलायला गेलंय असं तरी वर्गाला वाटेल.